पझल सुटत नाहीत, शब्द टिकत नाहीत: अमळनेरच्या मैत्रिणीला उत्तर

तुझा प्रश्न दोनदा वाचला. बी.एस्सी. केमिस्ट्रीचं शेवटचं वर्ष, अमळनेर-जळगाव रोजचं अपडाऊन, एमबीएच्या प्रवेशाची सीईटी द्यायचीय. तर्काच्या एका पझलला 15-20 मिनिटं जातात. सिनिअरने दिलेल्या जीआरईच्या (परदेशातल्या पदव्युत्तर प्रवेशाच्या परीक्षेच्या) जुन्या पुस्तकातले 3,500 शब्द पाठ करायला घेतलेस, 400 पर्यंत आलीस आणि मागचे पुसले गेले. शेवटी विचारलंयस, "मराठी माध्यमामुळे असं होतंय का ताई?"

मी दोंडाईच्याची, मराठी शाळेतलीच. सीईटी दोनदा दिली. आता धुळ्यात रविवारी घरी मुलामुलींकडून हीच तयारी करून घेते. वयाने लहान आहेस म्हणून सरळ 'तू' म्हणते.

माध्यमाचं आधी सांगते, कारण ते तुला टोचतंय. आपली मुलं तर्कात कमी पडताना मी पाहिलेली नाहीत. ती अडखळतात सूचनांमधल्या बारक्या इंग्रजी शब्दांवर. 'लेफ्ट' म्हणजे डावीकडे कुठेही, 'इमीजिएट लेफ्ट' म्हणजे अगदी लागून. 'अनलेस' दिसलं की मनात 'नसेल तर' म्हण. 'इफ' आणि 'ओन्ली इफ' एक नव्हेत. असे पंधरा-वीस शब्द आहेत. ते वहीच्या पहिल्या पानावर मराठी अर्थासह लिही. पेपर इंग्रजीत असला तरी विचार मराठीत करायला कुणाची बंदी नाही.

आता पझल. तुझ्याच गाडीतलं घे. जळगावहून सुरतेकडे जाणाऱ्या पॅसेंजरमध्ये अनिल, भारती, चेतन, दीपा आणि ईश्वर बसले. धरणगाव, अमळनेर, नरडाणा, दोंडाईचा, नंदुरबार या क्रमाने येणाऱ्या स्टेशनांवर एकेक जण उतरला. सूचना अशा: दीपा चेतनच्या आधी उतरली. भारतीच्या लगेच पुढच्या स्टेशनला अनिल उतरला. चेतन नंदुरबारला गेला नाही. ईश्वर नरडाण्याला उतरला.

बहुतेक जण पहिल्या सूचनेपासून सुरू करतात, आणि तुझी पंधरा मिनिटं तिथेच जात असणार. सूचना ज्या क्रमाने छापल्यात त्या क्रमाने वापरायच्या नसतात. सगळ्यात कमी मोकळीक देणारी आधी. ईश्वर पक्का आहे, त्याला तिसऱ्या घरात बसव. मग भारती-अनिलची जोडी. ते लागूनच उतरणार, म्हणजे उरल्या दोनच जागा: पहिलं-दुसरं स्टेशन, नाहीतर चौथं-पाचवं. ईश्वरनंतर या जोडीऐवजी दीपा-चेतनची सूचना घेतली असती तर सहा शक्यता मांडत बसावं लागलं असतं. म्हणून दोन ओळी आख. पहिल्या ओळीत जोडी धरणगाव-अमळनेरला ठेवली तर दीपा दोंडाईचाला आणि चेतन नंदुरबारला येतो. पण ते तर नको म्हटलंय. ओळ खोडली. मग दीपा धरणगावला, चेतन अमळनेरला, ईश्वर नरडाण्याला, भारती दोंडाईचाला, अनिल नंदुरबारला. दुसरं उत्तर शक्यच नाही. 'नाही' म्हणणारी सूचना दुबळी वाटते, पण इथे निकाल तिनेच लावला. तिला कधी विसरू नकोस.

गोल टेबलाभोवती माणसं बसवायच्या पझलचं एवढंच: तोंड आत असेल तर डावीकडे जाणं घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने होतं, बाहेर असेल तर उलट. आकृतीत प्रत्येकाला बाण काढत जा.

यापेक्षा मोठी सवय सांगते. पझल सुटलं की लगेच दुसरं घ्यायचं नाही. कुठे थांबलीस, कोणती सूचना उशिरा वापरलीस, कोणती चुकीची वाचलीस, हे दोन ओळींत लिही. तीन दिवसांनी तेच पझल कोऱ्या कागदावर पुन्हा सोडव. माझ्याकडची मुलं दिवसाला तीनच करतात, पण अशी करतात. रोज पंचवीस करून उत्तरतालिकेशी ताडणाऱ्यांचा वेग महिन्याभराने तिथेच असतो.

वेळेचा हिशेब: सीईटीत 200 प्रश्न, 150 मिनिटं, म्हणजे प्रश्नाला 45 सेकंद. त्यातले 75 लॉजिकल रीझनिंगचे. पाच प्रश्नांच्या पझलच्या वाट्याला पावणेचार मिनिटं येतात. नातेसंबंध, दिशा, कोडिंगचे सुटे प्रश्न वीस-तीस सेकंदांत उरकले तर पझलला सहा मिनिटं देता येतात. त्यापुढे नाही. पहिल्या वर्षी मी एका बैठकव्यवस्थेला हट्टाने बारा मिनिटं दिली. ती सुटली नाहीच, आणि शेवटी 31 प्रश्न न वाचताच राहिले. निगेटिव्ह मार्किंग नसताना मी ते कोरे सोडले. घरी येऊन खूप रडले होते. शेवटची तीन मिनिटं उरलेल्या प्रश्नांना काहीतरी पर्याय द्यायला राखून ठेव, आणि याचासुद्धा सराव चाचणीत कर.

शब्दांबद्दल. ती यादी बंद कर. यादीत एका इंग्रजी शब्दापुढे एकच अर्थ असतो आणि तिथेच फसगत होते. 'ऑब्स्टिनेट', 'टेनेशस', 'रेझोल्यूट' या तिन्हींपुढे कुणी 'हट्टी' लिहितं. पण आपल्या भाषेत हट्टी, चिवट आणि ठाम हे तीन वेगळे शब्द आहेत ना? पहिल्यात नावं ठेवणं आहे, दुसऱ्यात बहुधा कौतुक, तिसऱ्यात आदर. प्रत्येक शब्द असा तोलून घे आणि घरातल्या माणसावर वाक्य कर. माझी आजी 'फ्रुगल' होती, 'मायझरली' नव्हती. काटकसर आणि चिक्कूपणा यांतला फरक तिच्यामुळे मला कायमचा कळला.

आणि तुझ्याकडे अर्धी शिदोरी आधीच आहे. 'व्होलाटाइल' प्रयोगशाळेत उडून जाणारं, माणसाच्या बाबतीत क्षणात भडकणारा स्वभाव. 'इनर्ट', 'सॅच्युरेटेड', 'डायल्यूट', 'कॅटॅलिस्ट' हे सगळे उताऱ्यांत येतात. 'प्रेसिपिटेट' तू साका म्हणून ओळखतेस. इंग्रजी लेखात तो 'एखादी गोष्ट एकदम घडवून आणणे' किंवा 'उतावळा' असा येतो. केमिस्ट्रीच्या पुस्तकातून असे पन्नास शब्द काढ. आपण सुगंध-दुर्गंध म्हणतो तसंच तिकडे 'बेने' आणि 'मॅल' चालतं: 'बेनेव्होलंट' भलं चिंतणारा, 'मॅलेव्होलंट' वाईट चिंतणारा. दिवसाला आठ शब्द पुरेत. दुसऱ्या, सातव्या आणि एकविसाव्या दिवशी अर्थ झाकून आठवायचे. गाडीतला वेळ त्यालाच दे, पझल डुलत्या डब्यात होत नाहीत.

ते जुनं पुस्तक मात्र टाकू नकोस. जीआरईतून तर्काच्या पझलचा विभाग 2002 मध्ये गेला आणि विरुद्धार्थी शब्दांचे प्रश्न 2011 मध्ये. म्हणजे जीआरई देणाऱ्यालाही ती यादी आता तशीच्या तशी पुरत नाही. पण मागची तर्काची पानं तुझ्यासाठी सोनं आहेत, विचारपूर्वक रचलेली पझल असतात ती. रोजची तीन तिथूनच घे.

या आठवड्यात जे सुटलं नाही त्याच्या आकृतीचा फोटो इथे टाक, खोडाखोड तशीच राहू दे. कुठली सूचना आधी घ्यायला हवी होती ते त्यावरच खूण करून दाखवते.