शुक्रवारी सगळ्यांसाठी किद्दुश म्हणताना

किद्दुश म्हणजे शब्बाथ सुरू होताना पेल्यावर म्हणायची आपली ज्यू प्रार्थना. मनुकांच्या शरबताचा पेला हातात घेण्याआधी घरच्यांना सरळ सांग, "तुमचंही कर्तव्य यातून पुरं होवो म्हणून म्हणतोय." हेतू तुझाही हवा आणि ऐकणाऱ्यांचाही; एकाच बाजूने भागत नाही. मध्ये कुणी बोलू नये. 'बारूख हू उवारूख शेमो' (देवाचं नाव ऐकल्यावर म्हणतात ते) हेही नको, फक्त आमेन. चाल चुकली तरी घाबरू नकोस, शब्द मात्र स्पष्ट हवेत.

दुसऱ्याचं कर्तव्य तोच फेडतो ज्याच्यावर ते स्वतः आहे. म्हणून 13 वर्षांखालच्या भावाने हौसेने म्हटलं तर छानच, पण मोठ्यांचं त्यात होत नाही. आईने म्हटलं तर मात्र होतं, किद्दुश बायकांवरही आहे.

शेजारच्या एकट्या आजींकडे नंतर जाऊन पुन्हा म्हणायची वेळ आली तर आनंदाने म्हण. तुझं आधीच झालेलं असलं तरी चालतं, कारण सगळे इस्राएल, म्हणजे सगळे ज्यू, एकमेकांना जामीन आहेत. हे मला आपल्या धर्मातलं फार सुंदर वाटतं. फक्त त्या जेवणार तिथेच म्हण आणि पेला त्यांना पिऊ दे. नुसत्या फळाच्या बेराखाला (खाण्याआधीच्या आशीर्वादाला) मात्र ही मुभा नाही. स्वतः खाणार नसशील तर त्यांचा त्यांनाच म्हणू दे.