हिमाचलातल्या तीर्थन नदीतले ट्राउट मासे माझ्या ड्राय फ्लायपाशी (हुकावर पिसं बांधून केलेल्या, पाण्यावर तरंगणाऱ्या नकली माशीपाशी) येऊन, बघून परत जातात. चार प्रकार बांधून झाले, आता कोणती माशी बांधू?

पाचवी बांधू नका. उभं राहायची जागा बदला. एवढंच लिहून थांबणार होतो, पण माझा मेहुणाही हाच प्रश्न विचारायचा आणि उत्तर दिलं की म्हणायचा, "दाजी, पैठणच्या माणसानं ट्राउटवर बोलू नये."

मी पैठणचाच. पाणी वीस अंशांच्या वर तापलं की ट्राउट कासावीस होतो, आमच्या गोदावरीत तो कुठून येणार! मी शिकलो चिलापीवर. धरणाच्या खाली नदीकाठी मामा गळाला पोळीचा तुकडा लावून तरंगत सोडायचे. तुकडा पाण्याच्या चालीनं गेला की चिलापी गिळायची. तंगूस ताणून तो बोटभर जरी आडवा सरकला, की तोंडाशी येऊन वळायची. मग मामा माझ्यावर खेकसायचे, "आरं, पोळी कधी पाण्यात आडवी चालती का?"

तीर्थनवर गुशैणीजवळ गेलो तेव्हा ऑक्टोबर होता, पाणी काचेसारखं. मेहुण्याकडं डबाभर विकतच्या माश्या. माझ्याकडं आमच्या घरी आखाडात कापलेल्या गावरान कोंबड्याच्या मानेच्या पिसांनी बांधलेल्या सहा. "रस्सा ओरपून उरलेलं," म्हणाला. म्हातारा कोंबडा असला की मानेचं पीस ताठ असतं, त्याच्यावर माशी पाण्यावर उभी राहते. ब्रॉयलरचं पीस मऊ, दोन फेकींत चोथा. त्याच पिसाची काडी सोलून, भिजवून हुकावर गुंडाळली की मेफ्लाय या पाणकिड्यासारखं वळ्यावळ्यांचं अंग होतं. हे त्याला आजही पटत नाही.

पलीकडच्या काठाला दगडाआड एक ब्राउन ट्राउट सारखा वर येत होता. मध्ये वेगाची धार. मेहुणा बरोबर समोर उभा राहून टाकायचा. माशी पडायची सुरेख, पण मधली धार दोरीला पोट पाडायची आणि माशी मागं रेघ ओढत पळायची. मासा यायचा, बघायचा, जायचा. मेहुण्यानं माशीचा हुक सोळा नंबरवरून बारीक अठरा केला, मग आणखी बारीक वीस. अॅडम्स नावाची माशी काढून दुसरी लावली. तासभर हेच.

मी वरच्या अंगाला गेलो, टोकाचा बारीक तंगूस हातभर वाढवला आणि दोरी मुद्दाम नागमोडी, सैल पडेल अशी खाली सोडली. माशी चार-पाच हात मोकळी वाहिली. तेवढं पुरलं. मासा वीतभरच होता, सोडून दिला. मेहुणा म्हणाला, "माझ्या माशीनं त्याची भूक चाळवली होती." तीन दिवाळ्या झाल्या, अजून तेच म्हणतो.

तर तुमचा मासा नखरेल वगैरे नाही, त्याला दोरीची ओढ दिसते. दोनदा परत गेला तर त्याला दहा मिनिटं सोडा. टाकत राहिलात तर तो दिवसभराचा गेला.

आता माशीचंही थोडं असतं, ते नाकारत नाही. मासा वर येऊन गेल्यावर बुडबुडा राहिला तर तो वरचं खातोय. नुसती पाठ दिसली तर पृष्ठभागाला चिकटून अर्धवट बाहेर आलेले किडे खातोय. तेव्हा नवी बांधायची गरज नाही, आहे तिचीच खालची पिसं कात्रीनं सपाट कापा, म्हणजे ती पाण्यात बसते. आणि हो, हिमाचलात मत्स्य विभागाचा परवाना लागतो, १ नोव्हेंबर ते फेब्रुवारीअखेर ट्राउट धरायला बंदी असते. आधीच लिहायला हवं होतं.

मेहुणा हे वाचणार आहेच. यंदा आखाडात त्याचा फोन आला होता, "दाजी, कोंबड्याची मान टाकून नाही ना दिली?"

म्हटलं, दिली.