कागदपत्रांचा 'रुमाल' : हातरुमालाशी त्याचा संबंध काय?

प्रादेशिक इतिहास संग्रहालयात पेशवेकालीन पत्रांखालच्या पाट्यांवर 'रुमाल क्रमांक' असे लिहिलेले आढळते. येथे रुमाल म्हणजे नेमके काय, आणि त्याऐवजी 'गठ्ठा' म्हटले तर चालेल का, असा प्रश्न आला आहे.

येथे रुमाल म्हणजे कागदपत्रे बांधण्याचे चौकोनी कापड, आणि त्यावरून त्या कापडात बांधलेला सगळा संचही. शब्द फारसी आहे: 'रू' म्हणजे चेहरा आणि 'माल' म्हणजे पुसणारा. मराठीत मात्र तो चेहऱ्यापाशी थांबला नाही. डोक्याला गुंडाळायचे चौकोनी वस्त्र रुमालच झाले आणि दप्तरखान्यात कागद बांधायचे फडकेही. मोडीतले कागद बहुधा अरुंद आणि लांब असत. मजकूर वाढला की खाली दुसरा कागद चिकटवीत, आणि अशी लांबलचक पत्रे घड्या घालून किंवा गुंडाळून ठेवीत. त्यांची लहान पुडकी करायची, ती कापडाच्या मध्यावर रचायची आणि समोरासमोरची टोके ओढून गाठ मारायची. लांबीरुंदीचा मेळ नसलेले कागद कापड सहज सामावून घेते, शिवाय गाठ सोडली की सगळा संच एकदम समोर पसरतो. ही सोय मला फार मोलाची वाटते.

कापडाचे हे नाव पुढे मोजमापाचे एकक झाले. १८१८ साली पेशवाई संपल्यावर इंग्रजांच्या ताब्यात गेलेले पेशवे दप्तर आज पुणे पुरालेखागाराच्या १८९१ सालच्या इमारतीत आहे. त्याची गणना आजही रुमालांत होते आणि ती संख्या सुमारे ३९ हजार सांगितली जाते. त्यात 'घडणी रुमाल' यांसारखे विभाग आहेत, आणि संशोधक संदर्भ देताना आधी रुमालाचा, मग पुडक्याचा क्रमांक लिहितात. म्हणून पाटीवर 'गठ्ठा' लिहू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. गठ्ठा रद्दीचाही असतो, तर रुमाल हा त्या कागदाचा पत्ता असतो. तो पुसला तर मूळ कागद पुन्हा शोधणे कठीण होते. पाहणाऱ्यांसाठी 'रुमाल, म्हणजे कापडात बांधलेला कागदपत्रांचा संच' एवढा खुलासा पाटीवर जोडला की पुरे.

'बासन' हा याचाच जवळचा शब्द. तेही गुंडाळायचे कापडच, पण पोथ्यांच्या संदर्भात अधिक रुळलेले. 'प्रस्ताव बासनात गुंडाळला' या प्रयोगात ते अजून टिकून आहे. 'दप्तर'चा प्रवास मात्र उलट दिशेने झाला. ग्रीकमधील कातड्यासाठीचा 'दिफ्थेरा' हा शब्द अरबी-फारसीतून 'दफ्तर' होऊन आला, त्याला नोंदवही, मग कचेरी असे अर्थ लाभले, आणि मराठीत शेवटी मुलांची पाटीपुस्तके ठेवायची पिशवीही दप्तरच झाली. म्हणजे रुमालाच्या बाबतीत वेष्टनाचे नाव आतल्या कागदांना मिळाले, तर दप्तराच्या बाबतीत कागदांचे नाव वेष्टनाला.

लेखनाबाबत एवढेच, की हिंदीत 'रूमाल' असा दीर्घ ऊकार लिहितात. मराठीत 'रुमाल' हेच रूप रूढ आहे.