शिंगाले तीस नोड कायले?

भाऊ, तुझी पोळ्याच्या बॅनरची बैलजोडी पाहिली, मेहनत दिसते पण जरा झूम करून शिंगं पाह्य, एकेका शिंगावर तीसेक नोड (रेघ जिथून वळते ते बिंदू) टाकले तू, म्हणूनच कड अशी वाकडीतिकडी झाली. बुडाशी दोन, टोकावर एक, अन जिथं शिंग जास्त फुगते तिथं एकेक, बस, बाकीचं वळण हँडल, म्हणजे नोडातून निघणारी दांडी, ओढून येते. पुरा गोल चार नोडमधी होते ना!

नोड नेहमी तिथंच टाक जिथं रेघ सर्वात वर, खाली, डावीकडे नाहीतर उजवीकडे जाते, अन हँडल सरळ आडवं किंवा उभं ठेव, इंकस्केप या चित्र काढायच्या सॉफ्टवेअरमधी कंट्रोल दाबून ओढलं का ते १५-१५ अंशावर अडकते. टोकाचा नोड मात्र स्मूद (गोलसर वळणाचा) नोको ठेवू, शिफ्ट सी दाबून टोकदार कर, मग दोन्ही हँडल वेगवेगळे फिरतात. कंट्रोल एल मारून सिम्प्लिफाय होते खरं, म्हणजे नोड आपोआप कमी होतात, पण मले ते पटत नाही, डोळ्याचा अन नाकपुडीचा आकार बिघडते.

गिम्प या दुसऱ्या सॉफ्टवेअरमधी करत असशील तर फाइल त्याच्याच एक्ससीएफ प्रकारात ठेव, पाथ (नोडची रेघ) मागून दुरुस्त करता येते.

मी हे रेडियम कटिंगच्या दुकानात शिकलो, ट्रॅक्टरवरचं नाव कापताना नोड जास्त झाले का ब्लेड जागोजागी अडखळे अन अक्षराची कड फाटे, दोन मीटर रेडियम वाया गेलं होतं.

आता सारी जोडी नोको घेऊ, एक डावं शिंग नव्यानं काढ अन नोड मोजून मले दाखव.