आत्महत्येच्या विचारांची प्रश्नावली: अल्फा ०.९२ आला म्हणजे ती वैध ठरली का?

तुम्ही विचारलंय की नैराश्य असलेल्या प्रौढांसाठी आत्महत्येच्या विचारांवरची प्रश्नावली भाषांतरित केली, अल्फा (क्रोनबाख अल्फा) ०.९२ आला, तर 'वैधता सिद्ध झाली', म्हणजे जे मोजायचं तेच ती मोजते, असं प्रबंधात लिहायचं का. नका लिहू. विधानं एकमेकांशी किती जुळतात एवढंच अल्फा सांगतो. 'मरावंसं वाटतं', 'मरण आलं तर बरं', 'जगू नये असं वाटतं' अशी एकच गोष्ट तीनदा विचारली तरी तो वर चढतो.

मी अशाच एका कामात होते. भाषांतर, परत मूळ भाषेत उलट भाषांतर, तज्ज्ञांची बैठक, सगळं रीतसर झालं होतं. एक विधान होतं, 'या सगळ्यातून सुटका व्हावी असं वाटतं.' वॉर्डातल्या एका काकांनी 'नेहमी'वर खूण केली. हे वाचताना मनात काय आलं, असं विचारलं तर म्हणाले, "घरी कधी सोडणार तेवढं सांगा." त्याच आठवड्यात एका बाईंनी 'मरणाचे विचार येतात' या विधानापुढे 'कधीच नाही' लिहिलं आणि बोलता बोलता म्हणाल्या, "मरायचं नाहीये मला. रात्री झोपले की सकाळी उठू नये, एवढंच." काकांचे गुण विनाकारण वाढले होते, बाईंचा त्रास कागदावर आलाच नव्हता. आकडेमोडीतून यातलं काहीच दिसलं नसतं. म्हणून मोठा नमुना घेण्याआधी दहा-पंधरा रुग्णांसोबत बसून एकेक विधान मोठ्याने वाचा आणि त्यांना काय कळलं ते त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या. वेळ जातो, पण माझ्या मते वैधतेचं खरं काम इथेच होतं.

जगावंसं न वाटणं, मरण यावंसं वाटणं, स्वतः काही करावंसं वाटणं आणि त्याची तयारी या वेगवेगळ्या गोष्टी आहेत. बेक, कोव्हाक्स आणि वाइसमन यांच्या १९७९ च्या १९ मुद्द्यांच्या मापनीतही जगण्याची इच्छा आणि मरण्याची इच्छा असे दोन स्वतंत्र मुद्दे आहेत. उलट पीएचक्यू-९ या नैराश्याच्या प्रश्नावलीतला नववा प्रश्न मेलेलं बरं वाटणं आणि स्वतःला इजा करण्याचा विचार हे एकाच वाक्यात विचारतो. 'कधीच नाही' सोडून दुसरं उत्तर आलं, तर ते नेमकं कशाला हे कळत नाही.

फॅक्टर अ‍ॅनालिसिस (कोणती विधानं एका गटात पडतात ते पाहणं) कराच, पण बरेच जण शून्यावर खूण करतात, त्यामुळे गुण एका बाजूला झुकतात. क्रमवार उत्तरांसाठीची पद्धत वापरा. तुलनेसाठी निराशेची, म्हणजे पुढे काही चांगलं होईल अशी आशाच न वाटण्याची, मापनी घ्या, नैराश्याच्या तीव्रतेचीही घ्या. तीव्रतेशी संबंध फारच घट्ट आला तर तुम्ही नैराश्यच पुन्हा मोजताय असं समजा. टेस्ट-रिटेस्टमध्ये, म्हणजे त्याच लोकांकडून काही दिवसांनी पुन्हा भरून घेतल्यावर, आकडा कमी आला तर लगेच प्रश्नावलीला दोष देऊ नका. हे विचार काही तासांतही चढतात-उतरतात, शिवाय उपचार चालूच असतात. दोन वेळांमध्ये प्रकृती तशीच राहिलेल्यांचे गुण वेगळे काढून बघा.

कट-ऑफ, म्हणजे गुणांची एक सीमारेषा, काढून 'धोका असलेले' आणि 'नसलेले' अशी विभागणी मात्र करू नका. आत्महत्येची घटना क्वचित घडते, त्यामुळे वरच्या गटातल्या बहुतेकांच्या बाबतीत ती घडत नाही आणि खालच्या गटातलं कुणीतरी हातातून निसटतं. ब्रिटनच्या नाइस संस्थेच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनाही हेच सांगतात: पुढची आत्महत्या वर्तवायला अशा मापन्या वापरू नका. प्रश्नावलीने बोलणं सुरू होतं, तिचं काम तेवढंच.

विचारल्यामुळे विचार डोक्यात शिरतो ही भीती तुमच्या नैतिक समितीत कुणीतरी बोलून दाखवेल. आजवरच्या अभ्यासांत तसं आढळलेलं नाही. पण भरलेले फॉर्म गठ्ठा बांधून महिनाअखेरीस नोंदवायचे असतील तर हा अभ्यास करूच नका. आमच्याकडे रुग्ण खुर्चीतून उठायच्या आत फॉर्म वाचला जायचा, आणि तयारीच्या विधानावर खूण दिसली की त्याच दिवशी, त्याच इमारतीत डॉक्टर त्यांच्याशी बोलायचे. तुमच्या आराखड्यात ही व्यवस्था कुणाच्या नावावर आहे, ते आधी लिहा.