ब्लॉगवर लोक भरपूर येतात, पण जाहिरातींतून जवळजवळ काहीच मिळत नाही. योग्य वाचक कसे आणायचे?

तुमचा ब्लॉग पाळीव कुत्र्यांवर आहे, गमतीदार फोटोंच्या पानांवर गर्दी होते आणि तरी अ‍ॅडसेन्स या गूगलच्या जाहिरात सेवेच्या खात्यात फारसं काही जमत नाही, असं तुम्ही लिहिलंय. माझाही ब्लॉग बरीच वर्षं जाहिरातींवरच चालतोय, म्हणून जरा सविस्तर सांगते.

तुमचं पान कोणी उघडलं की जाहिरातीच्या त्या जागेसाठी क्षणार्धात लिलाव होतो. पान कशाबद्दल आहे, वाचक कुठल्या देशातला, कुठल्या फोनवर आहे, त्याला कशात रस आहे, हे सगळं पाहून जाहिरातदार बोली लावतात. फोटो बघून हसणाऱ्या माणसाला काय विकायचं हे कोणालाच कळत नाही, त्यामुळे बोली पडते. कालच घरी पिल्लू आणलेला माणूस मात्र खाणं, पट्टा, बिछाना असं सगळंच घेणार असतो.

समजा, फोटोंच्या पानाला १०,००० व्ह्यूज आणि २ डॉलर मिळाले, तर खाण्याविषयीच्या पानाला ८०० व्ह्यूज आणि ४ डॉलर. दर हजार व्ह्यूजमागची कमाई, म्हणजे आरपीएम, पहिल्याचा २० सेंट आणि दुसऱ्याचा ५ डॉलर. एकूण व्ह्यूज बघत बसलात तर हा फरक दिसतच नाही. म्हणून आधी पानागणिक आरपीएम काढा.

आता असे वाचक आणायचे कसे? माझा सगळा भर सर्च कन्सोलवर असतो. तुमची पानं गूगलच्या शोधात कशी दिसतात ते दाखवणारं हे गूगलचंच साधन आहे, आणि ते फुकट आहे. त्यात मागच्या तीन महिन्यांचे शोधशब्द उघडा. ज्यांना इम्प्रेशन्स (म्हणजे शोधात पान किती वेळा दिसलं) भरपूर, क्लिक कमी आणि शोधनिकालांतला सरासरी क्रमांक ८ ते २० च्या आसपास आहे, ते बाजूला काढा. समजा त्यात ‘दोन महिन्यांच्या पिल्लाला दिवसातून किती वेळा खायला द्यावं’ हा प्रश्न सापडला. तुमचं ‘पिल्लाची काळजी’ हे लांबलचक पान त्यासाठी दिसतंय, पण उत्तर सातव्या परिच्छेदात दडलंय. त्याचं स्वतंत्र पान करा. शीर्षकात लोकांचाच प्रश्न घ्या आणि पहिल्या दोन ओळींत उत्तर देऊन टाका: साधारण तीन ते चार वेळा, थोडं थोडं. खाली वयानुसार तक्ता द्या, पिल्लू खात नसेल तर डॉक्टरांकडे कधी न्यायचं ते लिहा. मग पुढच्या प्रश्नाची लिंक द्या, कारण हा वाचक आता विचारणारच आहे की पाकिटावरचं लेबल कसं वाचायचं. असं एकेक पान नीट करत जा. मला तरी यापेक्षा भरवशाचा मार्ग सापडलेला नाही.

सोशल मीडियावरून येणारी गर्दी बहुधा डोकावून निघून जाते. तिथे वेळ द्यायचाच असेल तर जिथे कोणी खरोखर प्रश्न विचारलाय तिथेच द्या.

एक गोष्ट कळकळीने सांगते: ट्रॅफिक विकत घेऊ नका. ‘तू माझ्या जाहिरातीवर क्लिक कर, मी तुझ्या’ असल्या गटांत जाऊ नका आणि घरच्यांनाही क्लिक करायला सांगू नका. गूगल हे अवैध ट्रॅफिक धरतं, पैसे कापतं आणि खातंही बंद करू शकतं. बंद झालेलं खातं परत मिळवणं फार अवघड असतं.

तसंही २०२४ पासून अ‍ॅडसेन्सचे पैसे क्लिकऐवजी प्रामुख्याने इम्प्रेशनवर, म्हणजे इथे जाहिरात दाखवली जाण्यावर, मिळतात. जाहिरातीचा किमान अर्धा भाग एक सेकंद पडद्यावर राहिला तरच ती ‘दिसली’ असं धरतात. ज्याला उत्तर हवंय तो सावकाश खाली वाचत जातो, म्हणून मजकुराच्या मधल्या जाहिरातीही दिसतात. पण त्या मोजक्याच ठेवा. पान झाकून टाकणारे पॉपअप तर नकोतच. असल्या त्रासदायक जाहिराती फार झाल्या तर त्या साइटवरच्या सगळ्याच जाहिराती क्रोम अडवू शकतो, २०१८ पासून.

नवी पानं शोधात वर यायला काही महिने जातात, तोवर फोटोंची पानं काढून टाकू नका. आरपीएमचा हिशेब महिन्याचा ठेवा. वर्षअखेरीला जाहिरातदार जास्त खर्च करतात आणि जानेवारीत हात आखडता घेतात, त्यामुळे जानेवारीची तुलना डिसेंबरशी न करता मागच्या जानेवारीशी करा.