आई-वडील थकले आहेत. मतिमंद भावाला निवासी संस्थेत ठेवणं म्हणजे त्याला टाकणं आहे का?

नाही. माझा धाकटा भाऊ अशाच एका संस्थेत राहतो, म्हणून ठामपणे सांगते. 'घरात माणसं असताना संस्था कशाला?' असं तुमचे नातेवाईक विचारतात. आम्हालाही सगळ्यांनी हेच विचारलं होतं.

घरी त्याचं काही कमी नव्हतं. जेवणखाण, औषधं, माया, सगळं होतं. पण अठराव्या वर्षी विशेष शाळा संपली आणि मग दिवसभर टीव्ही नाहीतर गॅलरी. घरी येणारा प्रत्येक माणूस आमच्याकडे यायचा, त्याच्याकडे कुणीच नाही. आता सकाळी तो कार्यशाळेत जातो. कागदी पिशव्या करतो, दिवाळीआधी पणत्या रंगवतो. जेवणाची ताटं मांडायचं काम त्याचं, दुसऱ्या कुणी मांडलेली त्याला खपत नाहीत! खोलीतल्या सोबत्याला बोलता येत नाही. त्याला काही दुखलंखुपलं की ताईंना बोलावून आणतो तो माझा भाऊच. घरी जन्मभर सगळे त्याचं करत होते. त्याच्यावर कुणी विसंबून आहे, हे त्याला तिथेच मिळालं.

ही कल्पना नवी नाही. नाझींमुळे देश सोडावा लागलेले ऑस्ट्रियन डॉक्टर कार्ल क्योनिग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४० मध्ये स्कॉटलंडमध्ये अ‍ॅबर्डीनजवळ कॅम्पहिल नावाची वसाहत उभारली. सांभाळणारे आणि ज्यांना सांभाळायचं ते, सगळे एकाच घरात राहायचे, एकत्र जेवायचे, एकत्र काम करायचे. आपल्याकडे बदलापूरची 'आधार' ही संस्था तर पालकांनीच एकत्र येऊन उभी केली. मोठ्या झालेल्या मुलांना तिथे कायमचं राहता येतं.

अर्थात सगळ्याच जागा चांगल्या नसतात. न कळवता दुपारी जाऊन बघा. तिथली मुलं काय करत बसली आहेत? प्रत्येकाचं स्वतःचं कपाट आहे का, की कपडे सगळ्यांत मिळून? कपडे सामायिक असतील तर मी भावाला तिथे ठेवणार नाही, मग इमारत कितीही चकचकीत असो. घरच्यांना कधीही भेटू देतात का, फोन करू देतात का, हेही विचारा.

आणि हे सगळं आई-वडील हिंडतेफिरते आहेत तोवर करा. आई गेली आणि लगेच घरही सुटलं, तर दोन्ही धक्के एकदम बसतात आणि आपल्याला काय होतंय हे त्याला सांगताही येत नाही. आधी काही दिवस राहू द्या, घरी आणा, मग पुन्हा थोडे जास्त दिवस. गणपतीला, दिवाळीला तो घरी येईलच.

कागदपत्रांचंही लांबणीवर टाकू नका. अठरा वर्षं पूर्ण झाल्यावर आई-वडील कायद्याने आपोआप पालक राहत नाहीत. राष्ट्रीय न्यास कायदा, १९९९ नुसार कायदेशीर पालकत्वासाठी स्थानिक स्तर समितीकडे अर्ज करावा लागतो. समितीचे प्रमुख जिल्हाधिकारी असतात. याच कायद्याने स्थापन झालेल्या राष्ट्रीय न्यासाची 'निरामय' ही १ लाख रुपयांपर्यंतची आरोग्य विमा योजना आहे, आणि निवासासाठी 'समर्थ-कम-घरौंदा' (आधीची 'घरौंदा'). पुढे पालकत्व तुमच्याकडे यायचं असेल तर आई-बाबांना सोबत घेऊन आत्ताच समितीत चौकशी करा. भावाच्या मनात काय आहे हे त्यांच्याइतकं दुसऱ्या कुणालाच नीट सांगता येणार नाही.